रकान्यांची नावं

९ जानेवारी

प्रिय टिचकी,

आमच्या शाळेतल्या सिस्टर पत्रलेखन शिकवताना सांगायच्या, आधी समोरच्याची चौकशी करावी, आपलं रडगाणं नंतर. तेव्हा आधी चौकशी. कशी आहेस? अजून तिसऱ्या मजल्यावरच राहतेस, की लिफ्टचं घर मिळालं? वेळेवर जेवतेस ना? झाली चौकशी. उत्तराची सक्ती नाही.

पत्राला कारण आहे आणि ते कामाचं आहे, म्हणून लगेच फाडू नकोस. परवा लांब्या आला होता. आपल्या दाराच्या चौकटीला तो अजूनही कपाळ आपटतो. केस पांढरे झाले, पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूमचा मुख्य झाला, पण चौकट काही त्याच्या लक्षात राहत नाही. सगळं आता नव्या मशीनवर न्यायचं आहे म्हणे. नव्या साहेबीणबाई कडक आहेत. त्यांनी सांगितलं, हा तुमचा ‘साठा’ नावाचा जुना प्रोग्रॅम पंपांना काय काय सांगतो, ते मला एका कागदावर हवं. लांब्या लिहायला बसला, आणि सातव्या रकान्यापाशी अडला.

“काकू, साहेबांना एकदा विचारू का?” बाबांना तो अजून साहेबच म्हणतो.

“झोपलेत रे ते.”

“मग उद्या येतो.”

“उद्याही झोपलेले असतील,” मी म्हटलं. तो हसला. मग मी हसत नाहीये हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो चपला शोधायला लागला.

तर तुला आठवत असेल तर सातवा रकाना कशाचा ते कळव. तुझ्याइतकं त्या प्रोग्रॅमच्या पोटात दुसरं कुणी शिरलेलं नाही.

तुला एक गंमत कधी सांगितली होती का? बाबांनी लिहिलेला साठा पहिल्यांदा चालला तेव्हा तू माझ्या पोटात होतीस. मी कंट्रोल रूममध्ये ड्यूटीवर होते. खाली मोठा पंप चालू झाला की टेबलावरच्या चहात वर्तुळं उठायची, आणि तूही नेमकी तेव्हाच लाथ मारायचीस. तुझ्या बाबांनी एक शब्द टाइप केला, आणि काळ्या काचेवर हिरव्या ओळी आल्या. एका टाकीची एक ओळ, ओळीत नुसते आकडे. नाव नाही, मथळा नाही, काही नाही.

“अहो, यात पाणी कुठलं आणि वेळ कुठली?”

“तिसरा आकडा पाण्याचा. मोज.”

मी काचेवर बोट टेकवून मोजायची. काचेवर तिसऱ्या जागी डाग पडला होता माझ्या बोटाचा. शेवटी मी कागदाची एक पट्टी कापली, तिच्यावर माझ्या कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात रकान्यांची नावं लिहिली आणि स्क्रीनच्या वरच्या कडेला चिकटवून टाकली. एखादा आकडा लांबला की सगळी ओळ सरकायची आणि माझी पट्टी खोटं बोलायची, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. बाबा पट्टीकडे बघून एवढंच म्हणाले, “पंपांना पट्टी लागत नाही.”

त्यांचं ते तसंच राहिलं. साठा वाचणारे दोन प्रकारचे. एक आम्ही, डोळ्यांनी वाचणारे. दुसरे ते छोटे छोटे प्रोग्रॅम, जे न बघता तिसरा आकडा उचलायचे आणि त्यावरून पंप चालू किंवा बंद करायचे. बाबांचा जीव कायम त्या दुसऱ्यांवर. आम्हाला काय, आम्ही मोजू शकतो.

बाबा ठीक आहेत. जरा दमतात.

तुझी
आई


२ फेब्रुवारी

प्रिय टिचकी,

तुझा निरोप फोनवर आला. “सातवा: झडप. ० बंद, १ उघडी, २ म्हणजे सेन्सर बिघडलाय. जुना आकार मोडू नका. नवीन हवं ते नव्या नावाने द्या. माणसांना दाखवायचं ते वेगळं ठेवा, आणि ते कधीही बदलेल असं आधीच सांगून टाका.”

लांब्याला वाचून दाखवला. त्याने वहीत उतरवून घेतला आणि म्हणाला, “काकू, हे साहेबच बोलतायत असं वाटतं.” मलाही तसंच वाटलं. ‘जुना आकार मोडू नका’ हे वाक्य मी या घरात इतक्या वेळा ऐकलंय की भिंतींनाही पाठ असेल. आणि त्यावर तू जेवणाच्या ताटावरून भांडायचीस. “मग माणसांनी काय करायचं बाबा, जन्मभर बोटं मोजायची?” “आपलं बोलणं एकदा कुणी ऐकून वागायला लागलं की ते आपलं राहत नाही, टिचके. ते बदलायचा हक्क संपतो.” मग तू, “म्हणजे एकदा चुकीचं बोललं की कायम चुकीचंच बोलायचं?” आणि मी मधे, “भाजी घ्या.”

आई कशी आहे, असं तू एका शब्दाने विचारलं नाहीस. हरकत नाही. तुम्हा लोकांच्या प्रोग्रॅमांत रीतच आहे ना, काम नीट झालं असेल तर काही बोलायचं नाही, नुसता शून्य परत द्यायचा. तुझं न विचारणं मी तसंच धरलं. शून्य. म्हणजे सगळं ठीक.

आता माझं. मागच्या पत्रात एक खोटं होतं. लांब्या आला तेव्हा बाबा झोपले नव्हते. आतल्या खोलीत खुर्चीत सरळ बसले होते आणि दारातून मला खुणेने विचारत होते, बाहेर कोण आहे? ज्याला यांनी हाताला धरून शिकवलं त्याचा आवाज त्यांना ओळखू येत नव्हता. कुणी बघू नये म्हणून मी दार लोटून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी आजाराला नाव दिलंय. ते मी इथे लिहीत नाही, लिहिलं की पत्रभर तेच दिसत राहील. त्या भल्या आहेत. हळू बोलतात. म्हणाल्या, जुनं टिकेल जास्त दिवस, नवीन आधी जाईल. पण तसं नीट रांगेत काही जात नाही गं. कधी माझ्या माहेरच्या कुत्र्याचं नाव सांगतात, आणि चष्मा म्हणजे काय ते विसरतात.

खिडकीजवळच्या टेबलावर त्यांचं मशीन अजून आहे. कंट्रोल रूमने निवृत्तीनंतरही त्यांना साठा बघायची मुभा ठेवली, मान म्हणून. रोज सकाळी चहा घेऊन तिथे बसतात. बोटांना अजून सगळं येतं, साठा टाइप करतात, ओळी येतात. पूर्वी एक नजर टाकून उठायचे. आता काचेवर बोट टेकवून मोजतात. काल मोजता मोजता थांबले.

“तिसरा कशाचा गं?”

“पाण्याचा.”

“मग तसं लिहिलं का नाही? माणसाने समजायचं कसं? कुणी केलंय हे भिकार काम?”

मला हसू आलं आणि ते हसू घेऊन मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

तुझी
आई


२१ फेब्रुवारी

टिचकी,

आज चौकशी नंतर करते. सिस्टर माफ करतील.

लांब्या आला होता. या वेळी मी त्याला आत घेतलं. लपवून लपवून किती लपवणार? बाबांनी त्याला “या, बसा” म्हटलं, कुणा परक्याला म्हणावं तसं. तो बसला, उंच माणूस पण एवढासा होऊन बसला. बाबा स्क्रीनवर बोट टेकवून रकाने मोजत होते. लांब्याने थोडा वेळ बघितलं, मग मला स्वयंपाकघरात गाठलं.

“काकू, साहेबांना असे नुसते आकडे कशाला दाखवता? ‘माणूस’ लावा ना.”

“काय लावू?”

“साठा लिहायचं, पुढे माणूस लिहायचं. टिचकीताईंनी केलं होतं ते येतं. नावांसकट.”

मी म्हटलं, ते तर काढून टाकलं होतं. सगळ्यांसमोर काढलं होतं.

“सगळ्यांसमोर काढलं,” लांब्या म्हणाला. “फेकलं नाही. आपणहून येत होतं तेवढं बंद केलं आणि या शब्दामागे ठेवलं. नंतर नव्या टाक्या आल्या, साहेब प्रत्येक टाकी त्यातही घालायचे. कुणी वापरत नव्हतं, तरी घालायचे. निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्यातच काहीतरी दुरुस्त करत बसले होते. मी म्हटलं, साहेब राहू द्या आता. तर म्हणाले, अर्धवट दिसायला नको.”

साठाची मदतीची पानं सगळी मी लिहिलीत, टिचकी. कुठला शब्द लावला की काय होतं, एकूण एक. ‘माणूस’ त्यात नाही. मला कधी सांगितलंच नाही त्यांनी. एका उशीवर डोकं ठेवून झोपणारा माणूस इतकी वर्षं तुझं काम जपत होता आणि मला, बायकोला, त्याचा पत्ता नाही. मला तुझ्यापेक्षा मोठा अपमान वाटला, खरं सांगते.

लांब्याने घरच्या मशीनवर असं करून दिलं की साठा लिहिलं की आपोआप तुझं येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बसले. मी चहाचा कप हातात धरून मागे उभी. त्यांनी टाइप केलं, आणि मोठ्याने वाचायला लागले, लहान मूल पाटी वाचतं तसे.

“वरची टाकी. भरलेली. चार मीटर. झडप बंद. आत्ताच पाहिलं.” मग खालची टाकी, मग टेकडीवरची. सगळ्या वाचल्या. मग खुर्ची वळवून माझ्याकडे बघून म्हणाले, “वा. याला म्हणतात काम. कुणी केलं?”

“टिचकीने.”

“आपल्या? ती शाळेत नाही का?”

“मोठी झाली ती.”

“शहाणी आहे,” म्हणाले. परत एकदा वाचलं. मग जरा रुसून म्हणाले, “मला दाखवलं नाही तिने.”

तू दाखवलं होतंस. पहिली प्रत त्यांनाच दाखवली होतीस, याच टेबलावर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि विचारलं, पंपांचं काय? तू म्हणालीस, पंपांना कळणारही नाही बाबा, साठा आता आधी बघतो समोर कोण आहे ते. समोर स्क्रीन असला तर माणूस बसलंय असं समजायचं आणि नावं, शब्द, सगळं दाखवायचं. समोर दुसरा प्रोग्रॅम असला तर जुने आकडे, जसेच्या तसे, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. दोघांचंही भलं. ते हं म्हणाले होते. त्यांचा हं म्हणजे मोठी गोष्ट असायची. तू त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्यास.

आणि मग तो रविवार. भर दुपार, कंट्रोल रूममधला जेवायला गेलेला. वरची टाकी भरली तरी पंप थांबेना. खालच्या गल्लीत शिंपीणबाईंच्या दुकानात गुडघाभर पाणी, लोकांचे शिवायला दिलेले कपडे त्यात तरंगत होते. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी नव्हते, माझी ड्यूटी दुपारची. यांनी तुला सगळ्यांपुढे काय सुनावलं ते मला लांब्याकडून कळलं. “नक्षी काढायची हौस असेल तर रुमालावर काढ. यंत्राच्या तोंडावर नको.”

या घरात रुमालांवर नक्षी मी काढते. मलाही ते लागलं. पण तुला जे लागलं ते वेगळं. तू घरी येऊन बॅग भरत होतीस आणि मी वेड्यासारखी दारात उभी राहून विचारत होते, जेवलीस का, जेवलीस का.

आता ते रोज सकाळी वा म्हणतात. रोज विचारतात कुणी केलं. मी रोज सांगते.

तुला हे कळवावं की नाही, दोन दिवस विचार केला. इतक्या उशिरा आलेला वा घेऊन तू काय करशील? पण तो तुझा आहे, मी ठेवून घेतला तर चोरी होईल.

आई


१५ मार्च

प्रिय टिचकी,

हे पत्र बसून वाच.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी चहा टाकत होते. बाबा दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून, बटणं नीट लावून आले. इतके नीट आले की मला वाटलं, बरे झाले. हळू आवाजात विचारलं, “टिचकी उठली का?”

मी म्हटलं, का हो?

“तिला सांगायचंय. तिची चूक नव्हती. तो खोटा स्क्रीन माझा होता.”

मला काही कळेना. मी त्यांना बसवलं. कप हातात दिला. तेव्हा ते बोलायला लागले, टिचकी, आणि कित्येक महिन्यांत बोलले नव्हते इतकं सरळ बोलले. जणू ती खोली आतून कुणी झाडून ठेवली होती.

म्हणाले, फार पूर्वी, तू शाळेत असताना, साठाचे आकडे पंपाच्या प्रोग्रॅमकडे जाताना वाटेत अडून राहायचे. स्क्रीनवर लिहायचं असलं की ओळ झाली की लगेच सोडायचा, पण दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायचं असलं की बादली भरेपर्यंत धरून ठेवायचा. पंपाला शिळा आकडा मिळायचा. तेव्हा यांनी एक युक्ती केली. वरच्या टाकीच्या पंपापुढे एक खोटा स्क्रीन उभा केला. स्क्रीन नाहीच, नुसती बतावणी. साठाला वाटायचं समोर माणूस बसलंय, आणि तो ओळ लगेच सोडायचा. युक्ती लागू पडली. मग विसरून गेले.

पुढचं तुला माझ्या आधीच कळलं असेल. तुझ्या साठाने बघितलं, समोर कोण आहे? स्क्रीन आहे. म्हणजे माणूस आहे. आणि कुणीही बसलेलं नसताना त्याने नीट नावं, शब्द, सगळं मांडून दाखवलं. ‘वरची टाकी भरलेली.’ पंपाच्या प्रोग्रॅमने सवयीने तिसरं काय आहे ते उचललं. तिसरा शब्द ‘भरलेली’. त्याला आकडा हवा होता, शब्दाचा आकडा होत नाही, म्हणून त्याने शून्य धरला. शून्य म्हणजे टाकी रिकामी. म्हणून पंप चालूच राहिला. टाकी सांगत होती भरलेय, भरलेय.

“पोरीने बरोबर केलं होतं,” बाबा म्हणाले. “तिला काय माहीत, तिच्या बापाने खुर्चीवर भूत बसवून ठेवलंय.”

मग उठले, तुझ्या खोलीच्या दाराशी गेले, कडीला हात लावला आणि मागे वळले. “झोपू दे. उठली की सांगतो.” आणि खिडकीजवळ जाऊन बसले. अर्ध्या तासाने काय सांगायचं होतं ते गेलं.

मी लांब्याला फोन केला. भ्रम असेल म्हणून. त्याने जुनं काढून बघितलं. मग म्हणाला, “खरं आहे काकू. होता खोटा स्क्रीन. त्याच सोमवारी दुपारी साहेबांनी काढलाय.”

सकाळी मीटिंग. दुपारी काढला. म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस.

मी रागावले त्यांच्यावर. आजारी माणसावर रागावून काय मिळणार, तरी रागावले. दोन दिवस धड बोलले नाही, पोळी ताटात आपटून वाढली. त्यांना कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाले, “तुला बरं नाही का?” कुणाशी भांडू मी आता? ज्याच्याशी भांडायचं तो माणूस घरात नाही, आणि जो घरात आहे त्याने काही केलेलं नाही.

पण ऐक. ती सकाळ एकदाच आली नाही. रोज येते. रोज दाढी करून येतात, टिचकी उठली का विचारतात, मला सगळं सांगतात, दाराशी जातात, कडीला हात लावतात, परत येतात. रोज पहिल्यांदाच. डॉक्टरीणबाईंना विचारलं, किती दिवस टिकेल? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, एखादी गोष्ट अशी घट्ट धरून ठेवतात आणि एक दिवस सोडून देतात.

म्हणून लिहिते. त्यांना क्षमा कर असं मी म्हणत नाही. तो तुझा तुझ्याशी हिशेब. मी एवढंच म्हणते की ये, आणि एका सकाळी त्या खोलीतून बाहेर ये. बाकी काही करायला नको. ते रोज तयार असतात.

आई


३० मार्च

टिचकी,

“शनिवारी येते.” दोन शब्द. मी ते लांब्याला दाखवले, डॉक्टरीणबाईंना दाखवले, वाण्यालाही दाखवणार होते.

तुझ्या पलंगावर चादर घातलीय. उशी नवीन आहे, जुनीला वास येत होता. रात्रीच पोहोच, म्हणजे सकाळी तिथूनच उठशील. केस लहान केले असशील तर सांगून ठेव. मी त्यांना तुझा जुना फोटो दाखवते आहे रोज, दोन वेण्यांचा. नंतर वाटलं, हे चुकतंय का? पण दुसरा फोटो माझ्याकडे नाही.

आजही सांगितलं त्यांनी. आजही दाराशी गेले.

आई


१२ एप्रिल

प्रिय टिचकी,

पोहोचलीस हे कळलं. डबा रिकामा केलास की नाही ते लिहिलं नाहीस.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात गाळणी घेऊन. तू खाली मान घालून बसली होतीस, म्हणून तुला त्यांचा चेहरा दिसला नसेल. मला दिसला. म्हणून लिहिते. तू तिथे होतीस, तरी तुझ्या वाटणीचं सगळं तुला दिसलं नाही.

तू खोलीतून बाहेर आलीस तेव्हा ते दाराकडेच निघाले होते. थांबले. आधी घाबरले नाहीत, खजील झाले. परक्या बाईच्या खोलीच्या कडीला आपण हात लावायला निघालो होतो, असं काहीसं. “माफ करा हं,” म्हणाले, आणि तुला खुर्ची ओढून दिली. तुझ्याकडे बघत होते ते अगदी मन लावून. ओळखीचं काही शोधत होते, सापडत नव्हतं, आणि सापडत नाही हे तुला कळू नये म्हणून हसत होते. तुझे पांढरे झालेले केस बघत होते. दोन वेण्यांच्या मुलीला शोधणाऱ्या माणसाला ते केस कसे ओळखू यावेत?

“तुम्ही कंट्रोल रूममधून आलात का?” त्यांनी विचारलं.

तू हो म्हणालीस. दुसरं काही म्हणाली असतीस तर? मी तेव्हापासून रोज हा विचार करते आणि रोज मला वाटतं, तू बरोबर केलंस. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, खोडून काढू नका.

मग त्यांनी तुला साठा दाखवला. तुझाच. “बघा, किती सोपं केलंय. माझ्या मुलीचं काम आहे.” हे म्हणताना त्यांची छाती कशी पुढे आली होती, ते तुला दिसायला हवं होतं. तू स्क्रीनकडे बघत होतीस. मग त्यांनी आवाज खाली आणला, तुझ्या खोलीकडे नजर टाकली.

“झोपलीय ती. उठली की मला तिच्याशी जरा बोलायचंय.”

तू विचारलंस, “काय बोलायचंय?”

गाळणी माझ्या हातातून सुटायची बाकी होती. मला ते वाक्य पाठ होतं, टिचकी. रोज ऐकत होते. मी मनात म्हणत होते, बोला, आता बोला.

त्यांनी तुझ्याकडे बघितलं. आणि एकदम पूर्वीचे झाले, मीटिंगमधले, ताठ.

“ते तिलाच सांगेन,” म्हणाले. “राग मानू नका. घरातली गोष्ट आहे.”

तू म्हणालीस, “मला सांगा ना, मी तिला सांगेन.”

“नाही हो,” ते म्हणाले. “असं दुसऱ्याच्या हाती पाठवण्यासारखं नाही. माझं मलाच सांगायला हवं.”

तुझी मान तेव्हा खाली गेली. त्यांचा चेहरा तेव्हा असा झाला होता, की इतक्या वर्षांच्या संसारात मी तसा दोनदा पाहिला. एकदा तुला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा. ते तुला नाकारत नव्हते गं. तुझ्यासाठी ठेवलेलं, तुझ्यापासून राखत होते. तुला देण्यासाठी.

मी मधे पडायला हवं होतं का? अहो, हीच ती, असं ओरडायला हवं होतं का? तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, नको म्हणून. मी ऐकलं तुझं.

जाताना तू त्यांच्या पाया पडायला वाकलीस, तर ते संकोचून मागे सरकले आणि म्हणाले, “अहो, असं काय करता.” तू रिक्षात बसल्यावर त्यांनी मला विचारलं, “त्या बाई का रडत होत्या? काम जड पडतंय का त्यांना?” मी म्हटलं, हो, जड पडतंय. तर म्हणाले, “त्यांना म्हणावं, शिकताना सगळ्यांना पडतं. सोडून जाऊ नका म्हणावं.”

हे तुला सांगायचं होतं. दुसऱ्याच्या हाती पाठवण्यासारखं आहे, म्हणून पाठवते.

लांब्याचं काम झालं. जुने आकडे पंपांसाठी तसेच ठेवलेत, आणि कंट्रोल रूममध्ये आता सगळ्यांसमोर तुझंच येतं, नावांसकट. साहेबीणबाईंना आवडलं. मदतीच्या पानांत मी ‘माणूस’ लिहून काढला. त्यापुढे कुणी केलं तेही लिहिलं. तशी रीत नाही, पण मला कोण नोकरीवरून काढणार?

आता शेवटचं. लिहावं की नाही कळत नाही, पण या पत्रांत मी एकदा खोटं लिहिलं होतं, परत लिहायचं नाही. तू गेल्यानंतरच्या सकाळी बाबांनी दाढी केली नाही. खिडकीजवळही बसले नाहीत. मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. तुझ्या खोलीवरून दोनदा गेले, बाजारातल्या बंद दुकानावरून जावं तसे.

आज सकाळी माझ्याने राहवलं नाही. चहा दिला, समोर बसले, आणि मीच विचारलं, “टिचकी उठली का?”

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, आणि अगदी सभ्यपणे, मदत करायची इच्छा असलेल्या माणसासारखं, विचारलं, “कोण?”

तुझी
आई